गुरुजींनी माफ केलंय म्हणे

काशीतल्या आमच्या रामघाटच्या गल्लीत माझी ओळख आता 'केसवाली काकू' अशी झाली आहे. दूधवाल्यापासून समोरच्या घरातल्या दोघी जावांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, की मी आमच्याच समाजातल्या एका डॉक्टरला ग्राहक आयोगात उभं केलं. काहीजणी मला बघून आवाज खाली आणतात आणि मी पुढे गेले की पुन्हा वर नेतात. बोलू देत. गल्ली अरुंद आहे, मला सगळं ऐकू येतं.

सुरुवातीलाच सांगते, की हे मी शांत मनाने लिहीत नाही. असल्या आठवणी लिहिणारी माणसं शेवटी 'आता मनात कटुता उरली नाही' असं म्हणून मोकळी होतात. माझ्या मनात आहे, भरपूर आहे, आणि ती मी काढूनही टाकणार नाही. ज्याला ती झेपत नसेल त्याने इथेच थांबलं तरी चालेल.

माझा नवरा वेदपाठी. आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांची पाठशाळा, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. मी मुलींच्या शाळेत हिंदी शिकवायचे, आता निवृत्त आहे. लग्न होऊन काशीत आले तेव्हा पहिल्या सकाळी मला जाग आली ती त्यांच्या आवाजाने. मी घाबरून उठून बसले होते, की घरात कोण एवढ्याने बोलतंय. पुढे सवय इतकी झाली, की भाजीवालीशी भाव करत असताना सुद्धा खालून येणाऱ्या आवाजावरून मला कळायचं, कुठला अध्याय चाललाय आणि स्वयंपाकाला अजून किती वेळ आहे.

त्या आवाजाला खरखर लागली ती एका श्रावणात. श्रावणात त्यांना रोज कुठे ना कुठे अभिषेक असायचे, तेव्हा घसा बसणं नवीन नव्हतं. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. भाद्रपद आला तरी आवाज फुटेना. मग आम्ही डॉक्टरला सांगितलं.

हा डॉक्टर म्हणजे परका नव्हे. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या मराठी घरातला मुलगा, माझ्या नवऱ्यापेक्षा बराच लहान, आमच्या डोळ्यांदेखत शिकून कान-नाक-घशाचा डॉक्टर झालेला. सिगऱ्याला त्याचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. त्याच्या घरचं सगळं धर्मकार्य आमच्याकडे. श्रावणी सोमवारचा अभिषेक, त्याच्या वडिलांचं श्राद्ध, त्याच्या मुलीची मंगळागौर, सगळं. दोन घरांत एक न बोललेला रिवाज होता. ब्राह्मणाने त्याच्याकडे दक्षिणेचा आकडा काढायचा नाही, आणि त्याने ब्राह्मणाकडून फी घ्यायची नाही. माझे सासरे आणि त्याचे आजोबा यांच्यापासून हे चाललेलं. आम्हाला त्याचा अभिमान होता, हे सांगायला मला आता लाज वाटते.

तर तपासणी व्हायची ती अशी. त्याच्या घरी पूजा आटोपली, आरती झाली, प्रसाद वाटला, की डॉक्टर म्हणायचा, "गुरुजी, जरा उजेडात बसा." मग तो स्वयंपाकघरातून स्टीलचा चमचा मागवायचा, त्याच्या दांड्याने जीभ दाबायचा आणि मोबाइलचा टॉर्च घशात मारायचा. म्हणायचा, पोटातलं ॲसिड वर येतंय, त्याने स्वरयंत्राला सूज आली आहे. हॉस्पिटलच्या कागदावर चिठ्ठी लिहून द्यायचा, गोळ्यांची पाकिटं स्वतःच्या बॅगेतून काढून द्यायचा आणि वाकून नमस्कार करायचा. आम्ही भारावून घरी यायचो. हॉस्पिटलच्या रांगेत बसलेले लोक पैसे मोजून आत जायचे आणि त्यांच्या नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घालून स्वरयंत्र बघितलं जायचं. आमच्या वाट्याला चमचा आला आणि आम्ही त्यालाच मान समजलो.

एक गोष्ट बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. आमच्या शाखेत वेद नुसता गळ्याने म्हणत नाहीत, हाताने पण म्हणतात. स्वर वर गेला की हात वर, खाली आला की हात खाली, काही ठिकाणी बाजूला. गुरूने हात हलवला, की समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना बरोबर कळतं कुठला स्वर लावायचा. त्यामुळे झालं काय, की आवाज जसजसा जात गेला तसतसा माझा नवरा हाताने शिकवू लागला. मुलं म्हणत, हे हात हलवत. पाठ बंद पडला नाही, एक दिवस सुद्धा नाही. गवई असता तर पहिल्याच महिन्यात बोंब झाली असती, मैफली रद्द झाल्या असत्या, चार डॉक्टर पालथे घातले असते. आमच्याकडे हाताने गळ्याचं काम उचललं आणि सगळ्यांना वाटलं, चाललंय की. डॉक्टरलासुद्धा तसंच वाटलं असणार, कारण दर वेळी तो विचारायचा, "पाठ चालू आहे ना?" आम्ही म्हणायचो, चालू आहे. तो म्हणायचा, मग काही परेशानी नाही.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मधे त्याने आपल्या एका मित्राकडे पाठवून पोटाची एंडोस्कोपी करवली. यांनी उपाशीपोटी जाऊन ती मुकाट्याने करून घेतली. घरी आल्यावर घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, नळीने काही गोत्र विचारलं नाही, सरळ आत गेली. मी हसले होते. पोटात थोडी सूज निघाली, ॲसिडच्या गोळ्या दुप्पट झाल्या.

फाल्गुनात त्यांना घाटाच्या पायऱ्या चढताना शिट्टी वाजल्यासारखा श्वास लागायला लागला, आणि एका सकाळी थुंकीत रक्त दिसलं. त्या दिवशी मी डॉक्टरला फोन केला नाही. का केला नाही ते मला आजही सांगता येणार नाही. रिक्षा केली आणि सरळ सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत त्यांना नेऊन बसवलं, गर्दीत, धक्काबुक्कीत. आमचा नंबर लागला तेव्हा एका शिकाऊ डॉक्टरणीने नाकात औषधाचा फवारा मारला, नळी घातली, पडद्यावर बघितलं आणि बोलणं थांबवलं. शाळेत मुलांचे पेपर तपासताना एखादा पेपर अगदीच वाईट निघाला की मी जशी गप्प व्हायचे, तशी ती गप्प झाली. मग विचारलं, आवाज कधीपासून असा आहे. मी म्हटलं, श्रावणापासून. तिने माझ्याकडे वळून हिंदीत विचारलं, इतके महिने कोणी आत बघितलंच नाही का?

माझा राग त्या खुर्चीवर जन्मला.

स्वरयंत्राचा कॅन्सर होता. पुढे ज्या सर्जनने ऑपरेशन केलं, त्याने मला आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा आजार बोलून येतो. आवाज बसणं हीच त्याची पहिली हाक असते. काही आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर आत नळी घालून बघायचंच असतं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतं. त्या वेळी सापडला असता तर बहुतेक नुसत्या किरणांनी भागलं असतं आणि आवाज राहिला असता. आता संपूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांनी मला जवळ बसवून पुरुषसूक्त म्हटलं. अर्धं हवेतच विरत होतं. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड करायला घेतलं तर त्यांनी मोबाइल उलटा ठेवला. हा आवाज ठेवू नकोस, म्हणाले.

आता त्यांच्या गळ्याला समोर एक भोक आहे आणि श्वास तिथूनच चालतो. नाकाने वास येत नाही, आमटी करपली तर मला कळतं, त्यांना नाही. लोकांना आवाज गेल्याचंच दुःख दिसतं. मला दुसरंही दिसतं. लहानपणापासून पहाटे रामघाटावर गंगेत बुडी मारणारा हा माणूस आता गुडघ्याच्या वर पाण्यात उतरू शकत नाही, कारण पाणी त्या भोकातून थेट फुप्फुसात जाईल. काशीत राहून गंगास्नान बंद. ते पायरीवर बसतात आणि मी तांब्याने खांद्याखाली पाणी घालते, गळ्याला हात आडवा धरून. असं पाणी घालताना रोज मी त्या डॉक्टरला मनातल्या मनात जे काही म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर भेटायला आला होता. इस्पितळात फळांची टोपली घेऊन आला आणि म्हणाला, "वहिनी, ईश्वराची इच्छा." मी टोपली त्याच्या हातात परत दिली. ईश्वराच्या हातात चमचा नव्हता, असं मी त्याला म्हटलं.

कचहरीत एक वकीलबाई मला माझ्या जुन्या विद्यार्थिनीने गाठून दिल्या. त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग दारं किती आहेत ते सांगितलं. एक दार ग्राहक आयोगाचं, तिथे नुकसानभरपाई मिळते, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दुसरं पोलिसांचं, पण डॉक्टरवर गुन्हा लागायला चूक अगदी घोर असावी लागते आणि आधी दुसऱ्या निष्पक्ष डॉक्टरांचं मत लागतं, त्याशिवाय पोलीस हलत नाहीत, आणि हलूही नयेत असं कायदाच म्हणतो. तिसरं राज्याच्या मेडिकल कौन्सिलचं, तिथे पैसे मिळत नाहीत, पण डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून काही काळ उतरू शकतं. मी म्हटलं, तिन्ही उघडा. त्या हसल्या. म्हणाल्या, "माताजी, पहले एक तो खुले." मग पहिलं आणि तिसरं ठरलं. पोलिसांचं दार मी मनात ठेवून दिलं, अजूनही ठेवलेलं आहे.

मला पैसे नकोत, त्याने सगळ्यांसमोर चूक कबूल करावी एवढंच हवं, असं मी सुरुवातीला म्हणत असे. वकीलबाईंनी समजावलं, की कायद्याला पैशाचीच भाषा येते, कबुली मागायचा रकाना अर्जात नसतो. ठीक आहे म्हटलं, मग भरपूर मागा.

सगळ्यांत कठीण गेलं ते दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत मिळवणं. शहरातले डॉक्टर ऐकून घेत, मान हलवत, चूक झाली असंही म्हणत, आणि लिहून द्या म्हटलं की त्यांना पेशंट आठवत. चोर चोर मावसभाऊ म्हणतात ते उगाच नाही. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी कागद बघून चार वाक्यांत मत लिहून दिलं, आणि वर मला फोन करून म्हणाले, की गप्प बसू नका. त्या माणसाला मी रोज दुवा देते. मला फक्त शिव्याच येतात असं नाही.

डॉक्टरचं उत्तर आलं ते जाडजूड होतं. पहिला मुद्दा असा, की गुरुजींकडून कधी पैसे घेतलेच नाहीत, सगळं सेवाभावाने केलं, तेव्हा गुरुजी ग्राहकच नव्हेत आणि आयोगाला अधिकारच नाही. आजोबांपासूनचा रिवाज त्याने ढालीसारखा पुढे धरला होता. वकीलबाईंना त्याची चिंता नव्हती. जिथे बाकीच्यांकडून फी घेतात आणि काहींना फुकट बघतात, तिथे फुकटवाल्यांनाही तेवढाच हक्क असतो, हे वरच्या कोर्टाने केव्हाच ठरवून टाकलंय, असं त्या म्हणाल्या. आणि चिठ्ठ्या तर हॉस्पिटलच्याच कागदावर होत्या.

दुसरा मुद्दा मात्र मी दोनदा वाचला. त्याने शपथेवर लिहिलं होतं, की मी गुरुजींना नाकातून दुर्बीण घालून तपासणी करण्याचा सल्ला वारंवार दिला, परंतु ते अत्यंत सोवळ्यातले असल्यामुळे, इतरांच्या नाकात गेलेली नळी स्वतःच्या शरीरात घालून घेण्यास त्यांनी नकार दिला.

असं काही झालं नव्हतं. एकदाही नाही. प्रत्येक वेळी मी शेजारी बसलेली होते. पण खोटं बोलावं तर असं. माझा नवरा बाहेरचं खात नाही, प्रवासात पाणी घरचं नेतो, परक्याचा हात लागलेली गादी पण वापरत नाही. हे सगळ्या रामघाटला माहीत. खोटं त्यांच्या स्वभावाला इतकं चपखल बसलं, की ज्याने ज्याने ऐकलं त्याने मान डोलावली. माझा दीर बँकेत अधिकारी आहे, शेजारच्याच गल्लीत राहतो. तो मला म्हणाला, "वहिनी, दादा नको म्हणाला असेल. तो आहेच तसा." मी म्हटलं, मी तिथे होते. तो म्हणाला, तुम्ही प्रसाद घ्यायला आत गेला असाल.

म्हणजे चूक डॉक्टरची नव्हेच, आमच्या सोवळ्याची. आवाज हिरावून घेतला तो घेतला, वर त्या गेलेल्या गळ्यात न बोललेले शब्द घातले. माझ्या नवऱ्याला 'मी असं म्हणालो नाही' हे म्हणायलाही आवाज नव्हता. ते ओठ हलवत, मी ओठ वाचून सांगत असे, आणि लोक म्हणत, काकू आपलं तिखटमीठ लावते. त्या दिवसांत मी देवापुढे दिवा लावताना त्याचं वाटोळं मागायचे. देवाला ऐकायची सवय असेल.

त्याचं प्रतिज्ञापत्र मी पेपर तपासतात तसं लाल पेन घेऊन वाचायला बसले. आयुष्यभर हेच केलंय. खोटं लिहिणारा मुलगा एका ओळीत जे लपवतो ते दुसऱ्या ओळीत स्वतःच दाखवतो, कारण त्याला आपली हुशारीही दाखवायची असते. पुढच्याच पानावर डॉक्टरने लिहिलं होतं, की मी गुरुजींची किती काळजी घेतली पहा, त्यांची एंडोस्कोपीसुद्धा करवून घेतली. मी पेन खाली ठेवलं. पोटाची नळी तोंडातून जाते, बोटाएवढी जाड असते, आणि ती काय फक्त माझ्या नवऱ्यासाठी नवीन विकत आणली होती? ती शेकडो लोकांच्या पोटात जाऊन आलेली. जो माणूस ती विनातक्रार गिळतो, तो नाकातली बारीकशी नळी सोवळ्यासाठी नाकारेल? मी त्याच क्षणी वकीलबाईंना फोन लावला. त्या जेवत होत्या, घास तसाच ठेवून त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, पान नंबर सांगा.

आयोगात त्याला प्रश्न विचारायची परवानगी मिळाली. त्या दिवशी मी नवऱ्यालाही नेलं होतं, गळ्याला पांढरा रुमाल बांधून ते माझ्या शेजारी बसले होते. वकीलबाईंनी आवाज न चढवता विचारलं, गुरुजींनी नकार दिला तो कधी आणि कुठे. घरी, पूजेनंतर, तो म्हणाला. चिठ्ठीवर तसं लिहिलं का. नाही. पोटाच्या एंडोस्कोपीला त्यांनी सोवळ्याचं कारण सांगितलं का. त्याने समोरचे कागद चाळले. मग म्हणाला, पोटाची गोष्ट वेगळी. सदस्यांपैकी एक बाई होत्या, त्यांनी चष्मा काढून विचारलं, वेगळी कशी? एक नळी पवित्र आणि दुसरी अपवित्र, असं गुरुजींनी सांगितलं की तुम्ही ठरवलंत?

डॉक्टरने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाला, की गुरुजींना सगळ्या पेशंटांच्या रांगेत बसवून त्यांच्या नाकात नळी घालायची, हे त्याच्या मनाला बरं वाटलं नाही. त्यांना ते चालणार नाही असं त्याला वाटलं. म्हणून विचारलं नाही.

विचारलं नाही. हे दोन शब्द टाइप होऊन कागदावर आले तेव्हा मी हसले. मोठ्याने हसले, आणि शिपायाने मला गप्प बसायला सांगितलं. आदर म्हणे. रस्त्यावरच्या रिक्षावाल्याचा घसा त्याने नीट तपासला असता. माझ्या नवऱ्याचा आवाज गेला तो आदराने गेला, आणि त्या आदरावर खोट्याचं पांघरूण घातलं ते भीतीने. दोन्हींतलं एकही मला माफ करण्यासारखं वाटत नाही.

निकाल पुढे आमच्या बाजूने लागला. आता त्यावर अपील चाललंय, कौन्सिलचं घोडंही हळूहळू पुढे सरकतंय. पण मला सांगायची आहे ती निकालाच्या आधीची एक संध्याकाळ.

डॉक्टर खोटं बोलला हे उघड झाल्यावर आता समाजात तोडगा काढायची घाई सुरू झाली. जो तो मला उपदेश करू लागला. ब्राह्मणाने क्षमा करावी, विद्वानाला राग शोभत नाही, त्याचंही घरदार आहे. आणि प्रत्येकाच्या उपदेशाचा शेवट एकच: "गुरुजींनी तर केव्हाच माफ केलंय, वहिनीच अडून बसल्या आहेत." माझा नवरा कुणी काही बोललं की शांत बसून ऐकत असे. बोलता न येणारा माणूस शांतच दिसतो. लोकांनी त्या शांतपणाला क्षमा असं नाव देऊन टाकलं. खरं सांगायचं तर मलाही शंका येऊ लागली होती. मी एका दुपारी त्यांना विचारलं, थांबू का मी? त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले नाहीत, आणि खिडकीबाहेर नदी बघत बसले. मी त्यांच्या नावाने माझाच राग चालवते आहे की काय, या विचाराने मला जेवण गोड लागेना.

इस्पितळात पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना एक छोटं यंत्र दिलं होतं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की त्यातून बोलणं बाहेर पडतं. त्यांनी ते एकदाच लावून पाहिलं होतं. सगळं बोलणं एका सुरात येतं, ना वर ना खाली, एकसारखं घुरघुर. जो आयुष्यभर एका एका स्वरासाठी मुलांवर ओरडला, त्याला ते बोलणं वाटेना. यंत्र कपाटात ठेवून दिलं आणि मी कितीदा सांगितलं तरी बाहेर काढलं नाही.

त्या संध्याकाळी दीर पुढे आणि त्याच्या मागे डॉक्टर, सोबत त्याची म्हातारी आई. आईला पुढे करून आला, हे मी लगेच ओळखलं. ती बिचारी माझ्या नवऱ्यासमोर हात जोडून रडू लागली. माझ्या नवऱ्याने उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला पाटावर बसवलं आणि ते परत आपल्या जागी बसले. दीर लगेच माझ्याकडे वळला. म्हणाला, "बघितलंत? दादाने माफ केलंय. आता तुम्ही पण हट्ट सोडा."

डॉक्टर पुढे आला आणि नमस्कारासाठी वाकला. आमच्याकडे पाया पडणाऱ्याला गुरुजींनी आशीर्वाद नाकारला असं कधी झालेलं नाही. चोराने वाकून नमस्कार केला तरी हात वर जाणार, असा हा माणूस. त्याचे हात पोचायच्या आत माझ्या नवऱ्याने पाय मागे ओढून धोतराखाली घेतले.

ते उठले, कपाटाकडे गेले, यंत्र काढलं, परत येऊन बसले आणि गळ्यावर नीट जागा शोधून त्यांनी ते टेकवलं. खोलीत ती घुरघुर सुरू झाली. म्हातारी दचकली.

"मी माफ केलेलं नाही," ते म्हणाले. एक एक शब्द सुटा, सगळे एकाच सुरात. "करणार नाही."

दीर भानावर आला तो माझ्यावरच उखडला. म्हणाला, वहिनी, हे तुम्ही शिकवलंत त्याला. यंत्र पुन्हा गळ्याला लागलं.

"तिचा नाही. राग माझा आहे."

मग त्यांनी बटणावरून बोट उचललं आणि ते थकून भिंतीला टेकले. डॉक्टरने आईला आधार देऊन उठवलं आणि तिघंही निघाले. मी चहा विचारला नाही. दार लावून मी तिथेच उंबऱ्याशी बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस चारचौघांत माझ्या बाजूने पहिल्यांदाच बोलला, आणि तेही असल्या आवाजात.